संशय आधी तारेवर

तुमचं पत्र तुमच्याआधी कोणी वाचलेलं नाही, हे तुम्ही कशावरून सांगता?

कुसुमताई गायकवाड पहिल्या भेटीत हा प्रश्न विचारायच्या. नाव-गाव नंतर. शिरूरला एसटी स्टँडमागच्या गल्लीत आमच्या कामगार संघटनेची एक खोली आहे. तिथे मी पत्रकं लिहायच्या कामाला गेलो, तेव्हा त्या कॉम्प्युटरसमोर पाठ ताठ करून बसल्या होत्या. संघटनेचा सगळा ई-मेल त्याच सांभाळत. प्रश्न ऐकून मी हसलो. म्हणालो, “माझं कोण वाचणार, ताई? माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही.”

“मंग दे तुझा फोन. घटकाभर वाचते.”

माझा हात आपोआप खिशावर गेला.

“बघ,” त्या म्हणाल्या, “हाय की काहीतरी.”

दौंड तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात त्यांनी टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी केली होती. दिवा लागला की दोरीची पिन खुपसायची, फोन जोडून द्यायचा आणि कानावरचा हेडफोन काढून ठेवायचा, असा नियम. “नियम व्हता,” एवढं म्हणून त्या थांबायच्या. “मी ऐकायची. सगळ्याच ऐकायच्या. चेअरमनच्या घरी आज भाजी काय, इथपासनं ते कुणाला कामावरनं काढायचं हाय, इथपर्यंत. जो जोडून देतो तो ऐकतो. ऐकत नसला तरी ऐकू शकतो, आन् तेवढं पुरं हाय.”

त्यामुळे ई-मेलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांच्याइतका नीट कोणी वापरत नसे. फोनवर त्यांनी मेल ठेवलाच नव्हता. कॉम्प्युटरवर मेलचा वेगळा प्रोग्राम होता, तो त्या सकाळी एकदा आणि दुपारी एकदा उघडत. मधे कोणी कितीही तातडीचं पाठवलं तरी तो बंद. “टपालवाला दर घडीला दार वाजवाय लागला तर सैपाक कवा करायचा?” आलेला मेल वाचला की तिथल्या तिथे त्याची वाट लावायची: उत्तर, फोल्डर किंवा कचरा. मेलमधली चित्रं आपोआप उघडणं त्यांनी बंद करून टाकलं होतं. मी कारण विचारलं. “काही चित्रं मेल पाठवणाऱ्यांकडनं येत्यात. तू मेल उघडलास की चित्र आणाया तुझा कॉम्प्युटर त्यांच्या दारात जातो. त्यांच्या बोर्डावर दिवा लागतो. कवा उघडलास, किती येळा उघडलास, सगळं कळतं त्यांना.” ‘वाचल्याची पोच’ मागणाऱ्या मेलला तर त्या कधीच पोच देत नसत. आपण वाचलं की नाही, हे कंपनीच्या वकिलाला कशाला कळायला हवं?

माझे मेल त्यांना मुळीच आवडत नसत. “लेखक, ह्ये पत्रक हाय. शोषण, दडपशाही, समदं आलं. तुला काय पायजे ते कुठंय?” मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवायचो. “ती वर घे. एका मेलात एकच काम. लेबर ऑफिसातला माणूस जेवायच्या आधी वाचत असतोय.”

त्यांचा हा संशयी स्वभाव मला तेव्हा म्हातारपणाची खोड वाटे. मग सुनीताचं प्रकरण आलं.

सुनीता जवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. त्या ठेकेदाराची एक रीत होती: बाई गरोदर आहे असं कळलं की पुढच्या महिन्यात तिचा गेटपास निघायचा नाही. कागदावर काढून टाकल्याची खूण नाही. बाई दिसायची बंद व्हायची, बस्स. सुनीताला पाचवा लागला होता. तिच्यासह पॅकिंगच्या सात-आठ जणी तक्रारीवर सह्या करायला तयार झाल्या. मसुदा मी लिहिला आणि कुसुमताईंनी तो वाचण्यासाठी प्रत्येकीच्या ई-मेलवर पाठवला.

दोनच दिवसांनी ठेकेदाराच्या सुपरवायझरने गेटवर सुनीताला अडवलं. “काय गं, ‘मातृत्व हा गुन्हा नव्हे’ का? चांगलं लिहितीस की.” ते माझं वाक्य होतं, शब्द न् शब्द.

संध्याकाळी खोलीत बायका एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या. रेखाचा दीर ठेकेदाराची जीप चालवतो, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी नाव घेतलं नाही, पण रेखाच्या शेजारची सतरंजी मोकळी राहिली. शेवटी तीच म्हणाली, “माझ्याच तोंडाकडं बघताय ना? सांगा की सरळ.” मी बोलणार होतो. संघटनेतल्या फितुरांवर मी पत्रकात काय काय लिहिलं होतं, ते सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

“तू गप,” कुसुमताई मला म्हणाल्या. मग सगळ्यांना म्हणाल्या, “माणसावर संशय घ्यायच्या आधी तारंवर घ्यावा. माणूस तुटला की जोडता येत न्हाई. तार येतीय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक मेल पाठवला: रविवारी सकाळी पाबळ फाट्यावरच्या हॉटेलात बैठक, सह्या तिथेच. हा मेल रेखाला सोडून सगळ्यांना गेला. आणि मग मेल गेलेल्या प्रत्येकीला समोरासमोर सांगितलं की बैठक नाही, कोणी जायचं नाही, आणि हे फोनवर बोलायचं नाही.

रविवारी आम्ही दोघंच त्या हॉटेलात चहा घेत बसलो. थोड्या वेळाने सुपरवायझर मोटरसायकलवरून उतरला. टेबलं न्याहाळली, बाहेर जाऊन फोन केला, परत आला, भजी मागवली. आम्हा दोघांना तो ओळखत नव्हता. कुसुमताईंनी त्याला विचारलं, “कुणाची वाट बघताय का, साहेब?” तो म्हणाला, “न्हाई, मावशी. सहजच.”

“बसा, बसा. येतील.”

रेखाला तो मेल गेलाच नव्हता, आणि बाकीच्यांना बैठक नाही हे माहीत होतं. मग बातमी फुटली कुठून?

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना फोन घेऊन बोलावलं, रेखालाही, आणि एकच गोष्ट विचारली. “ह्यो ई-मेल तुम्हाला काढून कुणी दिला?”

“साहेबांनी,” सुनीता म्हणाली. “भरतीच्या टायमाला. पीएफला लागतो म्हणले.”

“माझा बी त्यांनीच.”

“आन् पासवर्ड?”

“तो बी त्यांनीच टाकला की. आमाला कुठं जमतंय?”

खात्याची सेटिंग उघडली. पासवर्ड विसरला तर ज्या मोबाइलवर निरोप जातो, तो नंबर प्रत्येकीच्या खात्यात एकच होता. सुपरवायझरचा. प्रत्येक खातं ठेकेदाराच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर उघडंच होतं. आम्ही पाठवलेलं सगळं तो खुर्चीत बसून वाचत होता. चोरी करायचीसुद्धा त्याला गरज पडली नव्हती. घर बांधून देतानाच त्याने किल्ली स्वतःकडे ठेवली होती, आणि आमच्या बायका त्याला ‘साहेबांनी मदत केली’ म्हणत होत्या.

सुनीता उठून रेखाच्या शेजारच्या सतरंजीवर जाऊन बसली. रेखा म्हणाली, “सरक जरा, पोटाला धक्का लागंल.” एवढंच.

त्याच बैठकीत नवी खाती निघाली. प्रत्येकीने स्वतःचा नंबर टाकला, स्वतःचा पासवर्ड टाकला, आणि त्या वेळी बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मीही केलं. “जुनी खाती बंद करू नका,” कुसुमताई म्हणाल्या. “त्यात दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत जाऊ. साहेबांना बी काय तरी वाचाय पायजे.” तक्रार नव्या खात्यांवरून गेली. ठेकेदाराला समजलं ते लेबर ऑफिसची नोटीस हातात पडल्यावर. सुनीताला रजा मिळाली, आणि बाळंतपणानंतर ती परत पॅकिंगला उभी राहिली.

पुढे कुसुमताईंच्या डोळ्यांनी दगा दिला आणि त्या केडगावला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना संघटनेच्या मेलचा ताबा त्यांनी रेखा आणि सुनीताकडे दिला. मला पासवर्ड सांगितला नाही. मला राग आला, आणि तो मी लपवला नाही.

“तुला काम काय हाय त्याचं?” त्यांनी विचारलं.

मी विचार केला. काम काहीच नव्हतं.

“मंग नगं. उद्या कुणी तुला दमात घेतलं तर सांगाय तुझ्याजवळ काय नसावं. ह्यात तुझा अपमान न्हाई, तुझी सोय हाय.” आणि एसटीच्या पायरीवर चढताना मागे वळून म्हणाल्या, “आन् मेल छोटे लिही.”

त्या ठेकेदाराकडे या मोसमात नवी भरती झाली. नव्या मुलींचे ई-मेल साहेबांनीच काढून दिले. आम्ही गेटवर पत्रकं वाटतो आहोत, पण प्रत्येक घरात आम्ही पोहोचू शकत नाही. तुम्ही पोहोचू शकता. तुमच्या घरातल्या, आळीतल्या ज्या बाईचं खातं दुसऱ्या कोणी उघडून दिलं असेल, तिच्याजवळ आज बसा. त्यात कोणाचा नंबर आहे, ते तिला दाखवा. नवा पासवर्ड तिचा तिला टाकू द्या, आणि ती टाकत असताना मान फिरवा.