राक्षसाच्या बाई

आमच्या बाई राक्षसाची बाजू घेत. राजकन्येला पळवणारा असो की गावची गुरं खाणारा असो, गोष्ट ऐन रंगात आली की त्या थांबत आणि विचारत, "आता ह्याला काय वाटून राह्यलं असंल?" आमच्या वाटूर गावात म्हणूनच त्यांना 'राक्षसाच्या बाई' हे नाव पडलं होतं. बाई लहानपणीच विधवा झालेल्या. भावानं त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि गावातल्या एका ओसरीवर त्या आम्हा बारक्यांची शाळा घेत. निजामाचं राज्य होतं. पुढं मोठ्या शाळेत उर्दू वाट पाहत असायची. बाईंकडे मात्र सकाळी मराठी अक्षरं आणि दुपारी गोष्ट.

गोष्टीच्या वेळी मधोमध एक काळी घोंगडी अंथरलेली असे. तिच्यावर बसेल त्यानं गोष्टीतलं माणूस व्हायचं, 'मी' म्हणून बोलायचं. एकदा एक लाजाळू पोरगा राक्षस झाला. बाईंनी विचारलं, "राजकन्येला का आणलंस रे?"

"माझ्यासंग कुणी खेळत न्हाई," तो म्हणाला.

आम्हाला त्याची इतकी दया आली की एकीनं राजकन्या त्यालाच देऊन टाकली. बाई हसल्या नाहीत. "पण तिला इचारलंस का, येती का म्हणून?" त्यानं नकारार्थी मान हलवली. "मंग ती बी रडून राह्यली. तिचंबी ऐक." एकाचं दुःख कळलं म्हणून दुसऱ्याचं पुसायचं नाही, एवढं त्या सांभाळत.

गावातल्या एका जाणत्या गृहस्थांना हे पटलं नाही. ते ओसरीवर येऊन म्हणाले, "बाई, राक्षसाला राक्षसच म्हणू द्या की पोरांना."

"म्हणू द्या, दादा," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण आधी नीट बघू द्या. डोळे मिटून घाबरायची सवय बिलकुल चांगली न्हाई."

त्या वर्षी, आई गेल्यावर, माझ्या वडिलांनी दुसरं लग्न केलं. नवी माय शहागडची, जेमतेम सतरा-अठराची. माझ्या आत्यानं मला बजावलं होतं, "तिच्या हातचं खाऊ नको. सावत्र हाये ती." मी शेजारी जेवायची, नाहीतर उपाशी राहायची. शेवटी वडिलांनी मला मामाकडे धाडायचं ठरवलं. घरातून जायचं, बाईंची शाळा सोडायची, हे मला नको होतं. पण नव्या मायच्या हातची भाकरी काही घशाखाली उतरत नव्हती.

त्याच आठवड्यात गोष्टीत एक सावत्र राणी आली. बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. मी आपण होऊनच उठले आणि घोंगडीवर बसले.

"राणीसाहेब, ह्या घरात आलात त्या दिवशी काय झालं?" बाईंनी विचारलं.

मला राजवाड्यातलं काही ठाऊक नव्हतं. आमच्या घरी जे पाहिलं होतं तेच तोंडातून आलं. "मी बैलगाडीतून उतरले. सगळ्या बाया माझ्याकडं बघून राह्यल्या. ती पोरगी दाराआड लपली. कुणी मला पाणीबी इचारलं न्हाई."

"मंग काय वाटलं?"

"भूक लागल्ती," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

बाईंनी उपदेश केला नाही. पदरानं माझं तोंड पुसलं आणि गोष्ट तिथंच सोडून दिली. मी घरी गेले. नवी माय चुलीपाशी एकटी बसली होती. मी जवळ जाऊन विचारलं, "जेवलीस का गं?" मग एकाच ताटात तिनं दोन भाकरी वाढल्या. मामाकडे जाणं राहिलं ते राहिलंच.

निजामी राजवटीच्या शेवटच्या धामधुमीत शाळा बंद पडली. गावोगावची माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडाकडे निघाली होती. बाईंचे भाऊही एका सकाळी गाडी जुंपून त्यांना न्यायला आले. आम्ही पोरं गाडीभोवती जमलो. आमच्यातल्या सख्याच्या घरची कडब्याची गंज दोन दिवसांपूर्वी कुणीतरी पेटवून दिली होती. गोठ्यातली गायही त्यात गेली. तो पुढं झाला.

"बाई, आग लावणाऱ्याला काय वाटलं असंल?"

बाईंचा चेहरा उतरला. भाऊ गाडीवरून म्हणाले, "ताई, जल्दी कर. ऊन व्हायच्या आत निघायचंय." बाई गाडीत चढून बसल्या होत्या, त्या खाली उतरल्या आणि पांढऱ्या लुगड्यानिशी तिथंच धुळीत, सख्यासमोर बसल्या.

"मला न्हाई सांगता येत, बाळा," त्या म्हणाल्या. "आज त्याचं राहू दे. तुला काय वाटलं, ते सांग."

सख्यानं गाईचं नाव सांगितलं. ती कशी हंबरत होती ते सांगितलं. बापाला रडताना पहिल्यांदाच पाहिलं, तेही सांगितलं. ऊन चढत गेलं, भावानं पुन्हा हाक मारली नाही. सख्याचं बोलून संपेपर्यंत बाई उठल्या नाहीत.