बाजाराच्या तोंडचे दगड

मेहकरच्या आठवडी बाजारात हमालांशी भांडण झालं म्हणून एका ड्रायव्हरनं गर्दीत ट्रक घातला, आणि माझा भाऊ गेला. पुढे नगरपालिकेनं बाजाराच्या तोंडाशी कमरेइतके दगड गाडले. पुन्हा कुणाची गाडी आत शिरू नये म्हणून.

त्या ड्रायव्हरचा बाप त्या दगडांपाशीच मेथी-सांभाराच्या जुड्या घेऊन बसतो. मान सहसा वर करत नाही. बैलगाडी जवळ आली की "मांगं घ्या, मांगं घ्या," एवढंच हळू म्हणतो.

एकदा एका दगडाला कुणीतरी शेंदूर फासला. ड्रायव्हरचा बाप तो धोतराच्या सोग्यानं पुसू लागला, तशी एक म्हातारी ओरडली, "मारोतीले काऊन पुसून राह्यला रे? म्या आत्ताच नारळ फोडला तिथं!"

"मारोती नोहे, माय. माह्या पोरापायी गाडलेला दगड हाये. त्याच्या पाया नोका पडू."

मग त्याला मी दिसलो. शेंदरानं माखलेले हात त्यानं जोडले. मी नजर वळवली.

आता सगळेच दगड शेंदरी झाले आहेत. बाया तिथं वाकतात आणि भाजी घ्यायला त्याला टाळून पुढच्या ओट्यावर जातात. मीही त्या ओट्यावरूनच घेतो.