लाल पेन्सिलीच्या बाई

शाळेत सगळे त्यांना लाल पेन्सिलीच्या बाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी चौथीला गणित शिकवलं. एकतीस वर्षांत त्यांच्या वर्गातलं कुणीही गणितात नापास झालं नाही.

युक्ती साधी होती. शाब्दिक उदाहरण आलं की लाल पेन्सिल काढायची. ‘एकूण’ दिसलं की खाली रेघ, मग बेरीज. ‘उरले’ दिसलं की खाली रेघ, मग वजाबाकी. बाकीचं वाचत बसायचं नाही. पोरं अर्ध्या वेळात पेपर टाकून मोकळी होत.

निवृत्तीला दोन महिने राहिले, तेव्हा मुख्याध्यापकांच्या मनात आलं की पुढच्या वर्षापासून ही युक्ती सगळ्या वर्गांना लावायची. त्याआधी शाळेतल्या गणिताच्या शिकवण्याची रीतसर तपासणी करायची होती. एका शिक्षिकेनं दुसऱ्या शिक्षिकेच्या वर्गात जायचं, मुलांना एकेक करून जवळ बोलवायचं, कागद न देता उदाहरण सांगायचं आणि विचारायचं, “कसं केलंस?”

चौथीच्या वाट्याला शाळेतली सगळ्यात धाकटी शिक्षिका आली. ती याच बाईंची जुनी विद्यार्थिनी.

“ये गं. माझ्या पोरांची फिरकी घ्यायला आलीस?”

“तुमच्या पोरांची फिरकी कोण घेणार, बाई! माझीच विकेट जायची.”

बाई हसल्या आणि खिडकीपाशी वह्या तपासत बसल्या. कान मात्र इकडेच होते.

पहिली आली दोन वेण्यांची बडबडी मुलगी.

“डब्यात काही खडू होते,” धाकटी म्हणाली. “मी सात वापरले. नऊ उरले. आधी किती होते?”

मुलीनं हवेत बोटानं रेघ मारली. “दोन.”

“कसे?”

“‘उरले’ आलं ना! नवातून सात गेले.”

धाकटीनं टेबलावर खडू मांडले. इकडे सात, तिकडे नऊ. “हे वापरलेले. हे उरलेले. आता सांग, आधी किती होते?”

मुलीनं खडू मोजले. परत मोजले. मग खिडकीकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

“दिसतात सोळा. पण बाईंचं उत्तर दोन आहे.”

वहीवरचा बाईंचा हात थांबला.

चौतीस मुलं एकामागून एक आली. एकोणतीस जणांनी हवेत रेघ मारली आणि दोन सांगितलं. बाईंनी पुढची वही उघडली नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. धाकटीनं तपासणीचा कागद उलटा करून ठेवला.

“बाई, मी खडूचं उदाहरण गाळते. दुसरं सोपं घालते. तुमचे दोनच महिने राहिलेत.”

“तू चौथीत असताना मला हेच विचारलं होतंस,” बाई म्हणाल्या. “गोट्यांचं उदाहरण होतं. ‘बाई, हरवल्यावर एवढ्या उरल्यात, मग आधी कमी कशा असतील?’ आठवतं?”

धाकटीनं मान खाली घातली. “आठवतं.”

“मी काय म्हटलं होतं?”

“जाऊ द्या ना, बाई.”

“सांग.”

“‘फार शहाणपणा करू नकोस. रेघ मार.’” ती जराशी हसली. “मग मी मारली रेघ. पुढे नववीत गाडी अडली. मला वाटलं, आपल्या डोक्यातच गणित नाही.”

बाईंना तो दिवस लख्ख आठवत होता. पोरीचं बरोबर होतं, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. पण परीक्षा आठ दिवसांवर आली होती. असली वाकडी उदाहरणं पेपरात कधी येत नसत. त्यांनी कानाडोळा केला. पुढच्या वर्षी केला. त्याच्या पुढच्याही. चुकून झालं असतं तर जिवाला एवढं लागलं नसतं.

त्यांनी कागद सुलटा केला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: चौतीसपैकी एकोणतीस मुलांना उदाहरण कळत नाही. पद्धत माझी. इतर वर्गांना लावू नये.

मुख्याध्यापकांनी कागद वाचून चष्मा काढला. “बाई, निरोप समारंभाचं माझं भाषण या पेन्सिलीवरच आहे हो!”

“मग भाषण बदला, सर.”

“एका उदाहरणासाठी? निकाल बघा ना तुमचा.”

“निकालच बघत आले, सर. तेच चुकलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गातल्या सगळ्या लाल पेन्सिली गोळा केल्या आणि बाकाबाकावर मूठमूठ खडू ठेवले. फळ्यावर एकच उदाहरण लिहिलं. पोरं रिकाम्या हातांनी फळ्याकडे बघत राहिली.

“बाई,” दोन वेण्यांची मुलगी रडवेली झाली, “आता आम्हाला कसं कळणार?”

बाई तिच्या बाकावर, तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या बाकाला त्यांचे गुडघे अडत होते.

“तुला काल सोळा दिसले होते ना?”

मुलीनं घाबरून बाकाची कड धरली.

“सोळाच होते गं. माझं चुकलं होतं.”

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. विश्वास बसला नव्हता. तिनं आधी वळून समोरच्या, धाकटीच्या वर्गाच्या दाराकडे पाहिलं, मग हळूच एक खडू उचलला.

बाईंनी मनात हिशेब केला. शाळेचे दिवस राहिले होते एकेचाळीस. मुलं चौतीस. त्याआधीच्या तीस वर्षांची मुलं आता कुठेकुठे होती, त्यांच्या बाकावर जाऊन बसता येणार नव्हतं.

“मोज,” त्या म्हणाल्या. “मी थांबते.”