गोण्यांची वाट

आमच्या तांड्यामागच्या टेकडीवरून एक जुनी वाट पलीकडच्या तांड्यात जाते. आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य, मीठ वाहायचे, तेव्हाची. पुढे आम्ही शेतकरी झालो, तरी बाजाराला त्याच वाटेनं जायचो. मग डांबरी रस्ता झाला, ऑटो आले, आणि आमच्या बाजूला वाटेवर रायमुनियाची काटेरी झुडपं अशी माजली की रानडुकराशिवाय कोणी आत शिरेना.

पलीकडच्या तांड्यात माझी मोठी बहीण दिली आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. टेकडीवरून ती तासाभरात माहेरी यायची, आता दोन गाड्या बदलाव्या लागतात. गेल्या वर्षी डॉक्टरनं तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं, आणि वर बजावलं की त्यानंतर टेकडी-बिकडी बंद. घरात आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलतो, इथं मराठीत सांगतो. ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आंधी एकडाव मले पायी माहेरी याचं हाये. ऑटोतून उतरली तं माहेरी आली असं वाटतच नाई."

बस्स, मी कामाला लागलो.

जंगल सरकारचं, म्हणून आधी नाकेदाराकडे गेलो. फॉरेस्ट गार्डला आमच्याकडे नाकेदारच म्हणतात, मग ती तरुण पोरगी का असेना. तिनं वरून परवानगी आणली आणि दम दिला, "रायमुनिया मुळासकट उपटा. पण उभ्या झाडाले हात लावला तं गाठ माह्याशी हाये."

दर रविवारी आम्ही दहा-बारा जण जमू लागलो. पुढारी अर्थातच मी. साठी उलटलेला रिटायर मास्तर, आणि वाट माहीत असलेला तांड्यात मीच एकटा उरलो, असं माझं म्हणणं. काठीनं दाखवायचो, "इथून सरळ खाली!" मला सगळं आठवत होतं हो! बाजारातून परतताना आम्ही पोरं माथ्यावरून बोंबलत सुटायचो. पायाखाली गोटे गडगडायचे, चपला हातात, आणि खाली नाल्यात थेट तोंड घालून पाणी प्यायचो. अहाहा, काय दिवस होते! एक पोट्टा म्हणाला, "मास्तर, लय खडा उतार हाये. इथून लादलेला बैल कसा उतरन?" मी खेकसलो, "तू जन्मला नव्हता तवा मी इथून गेलतो. उपट मुकाट्यानं."

चार रविवारांत वाट नाल्यापर्यंत उतरली. ऑपरेशन दहा दिवसांवर आलं होतं. बाईच्या बाजूचा चढ सोपा आणि मोकळा होता, ती काठी टेकत माथ्यावर आली. मी मोठ्या तोऱ्यात आमचं काम दाखवलं. तिनं खाली पाहिलं.

"हे काय करून ठेवलं बाप्पा?"

"आपली वाट नाई का!"

"ही कायची वाट! ही तुमची पोट्ट्यांची पळाची जागा. माह्या गुडघ्यानं मी इथून उतरन का?"

ती डावीकडे वळली आणि झुडपात काठी खुपसू लागली. "इथून. मोहाच्या झाडाखालून, वळसे घेत." काठी दगडावर वाजली. पोरांनी फांद्या सारल्या, तर उताराच्या कडेनं ओळीनं दगड लावलेले, आणि दोन लादलेले बैल शेजारून जातील एवढी रुंद वाट. माझं तोंड इवलंसं झालं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. देखरेखीला आलेल्या नाकेदार पोरीनं माझ्या हातातली काठी घेतली आणि विळा दिला.

मग रविवारची वाट कोण पाहतो? आठ दिवस आम्ही रोज सकाळी जमलो. ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना बाई निघाली. मी तिच्या मागं. तिसऱ्या वळणावर ती दम खायला बसली, तेव्हा मी विचारलं, "बाई, आपण तं संगंच जात होतो. मग मले काहून आठवली नाही ही वाट?"

"संगं कुठं रे? तुम्ही माथ्यावरून सुटले, की मी याडीसंग इकडून याची. डोक्यावर बाजाराचं गाठोडं. कमरेवर पहिले तू होता, मग धाकटी."

याडी म्हणजे आमची आई. मी कसाबसा म्हणालो, "तुले नाही वाटे पळावं?"

"वाटे तं. लय वाटे. तुमचा आरडाओरडा आयकत आयकत मी उतरो."

उभा जन्म मी ज्या आठवणीवर खूश होतो, ती तिनं लांबून नुसती ऐकली होती. आणि मला कधी विचारावंसंही वाटलं नाही! मास्तरकी केली आयुष्यभर, लोकांच्या लेकींना शिकवलं, आणि घरच्या बहिणीकडे वळून पाहिलं नाही. मला रडूच कोसळलं.

"आता रडतो कायले?" ती म्हणाली. "हात दे मले, पुढं उतार हाये."

मी हात दिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्या टेकडीवरून तिच्या चालीनं उतरलो.