पोलादपूरच्या फळ्यावरची जपानी नोटीस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग चहा अंगावर सांडल्याची तक्रार नको. माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या. पण स्वतः टाईप केलेली, स्वतः शिक्का मारलेली आणि स्वतःच्या हाताने खळ लावून गावाच्या फळ्यावर चिकटवलेली चूक एकच.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. मी महाडला एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. दावे टाईप करायचे, तारखा सांभाळायच्या आणि दर गुरुवारी एसटीने पोलादपूरला जाऊन जाहीर नोटिसा लावून यायच्या. जाहीर नोटीस म्हणजे काय, माहीत आहे ना? कुणी जमीन घेणार असलं की आधी गावाला विचारायचं, बाबांनो, कुणाची हरकत आहे का? असेल तर मुदतीत लेखी द्या, नाहीतर नंतर बोंबलू नका. सगळा कारभार असा चोख.

हे झालं माझं दिवसाढवळ्याचं आयुष्य. दुसरं आयुष्य एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत, संध्याकाळी सहा ते आठ. मला जपानी कार्टूनचं वेड होतं. त्याला अ‍ॅनिमे म्हणतात, कार्टून म्हटलं की ती माणसं चिडतात, मीही चिडायचो. इंटरनेटवर या अ‍ॅनिमेंची एक भलीमोठी यादी होती, डेटाबेस. जगभरातली हौशी मंडळी ती फुकटात सांभाळायची. त्यात मी संपादक होतो. हसू नका. फॉर्म पूर्ण भरून देणारा आणि दुसऱ्याचा अर्धवट फॉर्म परत करणारा माणूस त्यांना माझ्याआधी मिळालाच नव्हता. दोन महिन्यांत मला बढती मिळाली. वकीलसाहेबांकडे सात वर्षांत मिळाली नव्हती.

तर त्या यादीत एक तंटा उभा राहिला. जपानात एखाद्या गाण्यावर तीन-चार मिनिटांची हलती चित्रं करतात. गाण्याचा व्हिडिओच, पण माणसांऐवजी चित्रं. हे अ‍ॅनिमे धरायचं का? यादीत घ्यायचं का? अर्धे म्हणाले घ्या, अर्धे म्हणाले नको. मी नको म्हणणाऱ्यांचा पुढारी. माझं म्हणणं साधं होतं: मूळ वस्तू गाणं, चित्रं नुसती शोभेला. लग्नाच्या मांडवाला आपण नवरदेव म्हणतो का?

ठरावाचा मसुदा लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. आता कायद्याचं लिहायचं तर मला इंग्रजीत सुचत नाही. मी ऑफिसातच, ऑफिसच्याच लांब कागदावर, आधी मराठीत टाईप करून काढलं:

‘तमाम लोकांस या नोटिशीने कळविण्यात येते की, गाण्यांच्या ज्या फितींमध्ये हाताने अगर संगणकावर काढलेली चित्रे हलतात, अशा सर्व फिती सदर यादीतून कायमच्या वगळण्याचे योजिले आहे. कारण की, गाणे हे मूळ असून चित्रे केवळ शोभेपुरती आहेत. सबब, कोणाची हरकत असल्यास आठ दिवसांचे आत लेखी कळवावे. न कळविल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

काय भाषा आहे! मी स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं, यादीवर टाकलं, मतदान सुरू झालं आणि पहिलं मत मीच दिलं: वगळा. दहा दिवसांची मुदत.

मूळ मराठी कागद मात्र टेबलावर राहिला, त्या आठवड्याच्या नोटिसांच्या गठ्ठ्यात. आमच्या साहेबांची सही करायची पद्धत सांगतो. ते फोनवर बोलत असायचे, मी एकेक कागदाचा कोपरा वर करायचा, ते सही ठोकायचे, मी शिक्का मारायचा. दोघांपैकी कुणीही वाचायचं नाही. साहेबांचा माझ्यावर विश्वास, माझा साहेबांवर. गुरुवारी मी पोलादपूरला गेलो, चार नोटिसा लावायच्या होत्या, पाच लावल्या. पाचवी लावताना खळ जरा कमी पडली, एवढंच मला आठवतं.

बुधवारी साहेबांनी आत बोलावलं.

“मोरे, पोलादपूरहून हरकतीचा अर्ज आलाय. हे प्रकरण कुठलं?”

मी अर्जावरचा विषय वाचला: ‘चित्रे हलणाऱ्या फिती वगळण्याबाबत हरकत’. 

“साहेब, ते... फितींचं.”

“हां हां, फितींचं,” साहेब म्हणाले. एखादं प्रकरण आठवत नाही असं म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. “मुलीने मुद्दा मजबूत मांडलाय. आपली बाजू लंगडी आहे. अशिलाला सांगा, तडजोड करून मोकळा हो.”

अशील समोरच उभा होता, घाम पुसत.

बाहेर येऊन अर्ज वाचला. लिहिणारी सायरा, पोलादपूरची, कॉलेजात शिकणारी, महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला येणारी. तिने लिहिलं होतं: ‘माझी अम्मी लग्नघरात बायकांमध्ये गाते, पण परक्यांसमोर गात नाही आणि कॅमेऱ्यासमोर तर येणारच नाही. म्हणून मी तिचं गाणं टेपवर घेतलं आणि त्यावर कॉम्प्युटरवर चित्रं काढली. चित्रं होती म्हणून गाणं घराबाहेर पडलं. आपण म्हणता चित्रं शोभेपुरती. मूल आधी होतं, नाव नंतर ठेवतात. म्हणून नाव काय शोभेपुरतं असतं?’

खरं सांगतो, तीन महिने जगभरची माणसं माझ्याशी भांडत होती, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मला राग आला. मग राग गेला. मग खाली शेवटची ओळ वाचली: ‘आपल्या नोटिशीमुळे केबलवाल्या बाळूशेठनी रोज संध्याकाळी लागणारं हे गाणं शनिवारपासून बंद केलं आहे.  तरी अम्मी रोज साडेसहाला टीव्ही लावून बसते.’

आता माझी खरी पंचाईत कळली ना? अख्ख्या पोलादपूर तालुक्यात चित्रं हलणारं गाणं एकच होतं, आणि ते मी बंद पाडलं होतं.

दुपारी जेवण सोडून मी कॅफेत गेलो आणि सायराच्या मुद्द्याचं इंग्रजी करून यादीवर टाकलं. न्यायाने वागायचं तर हरकत मांडायलाच हवी. ब्राझीलचा एक गडी, माझा उजवा हात, त्याचं मत अजून द्यायचं होतं, तो तासाभरात पलीकडच्या बाजूला गेला. फिनलंडची एक बाई म्हणाली, मला रडू आलं. मी म्हटलं, बाई, मला तर पोलादपूरला जायचंय.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. बाळूशेठ म्हणजे भला माणूस. दुकानात टीव्हीच्या दुरुस्त्या, वरच्या माळ्यावर केबलचा पसारा, आणि संध्याकाळी अर्धा तास गावाचा स्वतःचा चॅनेल: वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली म्हैस आणि फर्माईशीची गाणी. मी सगळं कबूल केलं. नोटीस चुकून लागली, तिचा तुमच्याशी काही संबंध नाही, गाणं सुरू करा.

“वकिलाचा शिक्का हाय त्याच्यावर,” बाळूशेठ म्हणाले. “तोंडी सांगून शिक्का पुसतो काय?”

“अहो, ती जपानी कार्टूनची यादी आहे. इंटरनेटवरची.”

“मंग जपानवाल्यांना पोलादपुरात हरकत मागायची काय गरज पडली?”



“हे बघा मोरे,” त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, “माझं मन नाय मानत होतं बंद करायला. पोरीची आई आमच्या घरच्या लग्नात गायलेली हाय. पण उद्या कुनी केस केली, तर मी कुठं धावू? ज्या कागदानं बंद झालं, त्याच कागदानं चालू होईल.”

म्हणजे साहेबांपुढे कबुली. शुक्रवारी सकाळी दिली. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे मी न वाचता सही केली?”

“नाही साहेब, मी न वाचता दिली.”

“मग ठीक आहे,” साहेब म्हणाले. त्यांची अब्रू वाचली, माझी गेली, हिशेब मिटला. मी नोटीस रद्द केल्याची नोटीस टाईप केली. तेवढी एक मात्र साहेबांनी अथपासून इतिपर्यंत वाचली, दोन वेलांट्या सुधारल्या आणि मग सही केली. तेव्हापासून ते प्रत्येक कागद वाचतात, आणि ऑफिसातले सगळे त्याबद्दल मला शिव्या देतात.

संध्याकाळी मी तो कागद फळ्यावर लावला, दुसरी प्रत बाळूशेठच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून गल्ल्यात ठेवली आणि माळ्यावर गेले. तेवढ्यात सायरा आली, अंगाने किरकोळ, हातात वही. मी ओळख करून दिली. मला वाटलं, आता झाडणार.

“एवढ्यासाठी तुम्ही दोनदा आलात, मोरेभाऊ?” ती म्हणाली. “नुसता फोन केला असता बाळूकाकांना.”

“शिक्का फोनवर मारता येत नाही,” वरून बाळूशेठ.

साडेसहाला गाणं लागलं. पडद्यावर एक बाई पाठमोरी बसून सुपात तांदूळ पाखडते. तोंड दिसतच नाही. आवाज पिकलेला, थोडा घोगरा, हळदीच्या गाण्याचा. सुपातून उडालेला कोंडा पक्षी होतो, पक्षी सावित्री नदीवरून दासगावच्या खाडीपर्यंत जातात आणि शेवटच्या कडव्याला परत येऊन सुपात तांदूळ होऊन पडतात. चित्रं साधीच, कुठे कुठे अडखळत हलणारी. दुकानासमोर आठ-दहा माणसं थांबली होती. एक म्हातारा गृहस्थ नुसता “पाखरं आली गो परत” एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

मला फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं. ती चित्रं काढून घेतली असती तर ते गाणं पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन बसलं असतं. मांडव आणि नवरदेवाचं माझं तत्त्वज्ञान तिथेच बाळूशेठच्या पायरीवर संपलं.

सायराला मी सगळं सांगितलं, तुझा मुद्दा जपानी कार्टूनच्या यादीवर टाकलाय, जगभरची माणसं मत देतायत. तिला त्याचंच मोठं नवल. “म्हणजे माझ्यामुळे तिकडची गाणी राहतील?” मी म्हटलं, राहतीलच. मनात ठरवलं होतं, सकाळी उठून पहिलं काम, आपलं मत फिरवायचं.

शनिवारी कॅफे उघडायच्या आधी मी दारात उभा. पण मुदत तिकडच्या घड्याळाने आपल्या पहाटेच संपली होती. निकाल लागलेला: गाणी वगळावीत, एका मताने. आणि मुदत नसती संपली तरी उपयोग नव्हता, कारण खाली नियम लिहिला होता की एकदा दिलेले मत कोणत्याही सबबीवर फिरवता येणार नाही. इंग्रजी जरा कोर्टातलं वाटलं. वाटणारच. तो नियम मागच्या वर्षी मीच आग्रह धरून घालायला लावला होता.

पुढच्या आठवड्यात सायरा क्लासला महाडला आली, तेव्हा मला शोधत ऑफिसपर्यंत आली. अम्मीने डब्यातून नारळाच्या करंज्या पाठवल्या होत्या.

“काय झालं हो निकालाचं?”

“वगळली,” मी म्हटलं. “एका मताने.”

“एकाच?” तिचा चेहरा उतरला. “एवढं वाचूनसुद्धा ज्याला पटलं नाही, असा कोण खडूस होता तो?”

“असेल कुणीतरी लांबचा,” मी करंजी उचलत म्हटलं. यात खोटं काही नाही. पोलादपूरहून महाड एसटीने चांगलं पाऊण तासावर आहे.