तोंडातून सुटलेला पासवर्ड

शब्द माज्या तोंडातून गेला आणि अख्खी खोली गप झाली. बारा-पंधरा पोरंपोरी आपापल्या पडद्यापुढं बसली होती, सगळ्यांची बोटं थांबली, सगळे वळून माज्याकडं बघायला लागले. माज्या मांडीवरची पोरगी इतका वेळ रडत होती, तीबी गप झाली. आणि दारात लॅबचे सर उभे. चहा पिऊन आलेले, एक पाय अजून चपलेत. त्यांनीबी ऐकलं होतं.

तो शब्द म्हंजे आमच्या ह्यांचा पासवर्ड.

सर आत आले. हळू आवाजात बोलले, "बाई, आत्ता काय बोललात?"

माज्या डोळ्यासमोरच भिंतीवर नियमांचा फळा टांगलेला होता, मराठीत लिवलेला, आणि मी येतायेता तो वाचला होता. चपला बाहेर काढा. खाणंपिणं आणू नका. दुसऱ्याच्या अकाउंटवर बसू नका. आणि सगळ्यात खाली, लाल रंगात, आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका, सांगितल्यास अकाउंट बंद होईल आणि सहामाहीचं काम धरलं जाणार नाही.

वाचलं होतं मी. वाचून पण तोंड उघडलं.

ह्याला आता तीन वर्षं होतील. आमचे हे खोपोलीला कारखान्यात भट्टीवर होते. भट्टीवर त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला, ती कातडी अजून चकाकते. कारखान्यात नवीन कम्प्युटर येणार होता, आणि साहेब बोलले होते की जो कोण विद्यापीठाचा एक वर्षाचा कोर्स पास होईल त्याला भट्टीवरून उचलून हापिसात बसवू. तो कोर्स खोपोलीच्याच एका कॉलेजात चालायचा. पाळी सुटली की हे तसेच घामाचे लॅबमधी जायचे. तिथं एक मोठं मशीन, त्याला सगळे पडदे जोडलेले, आणि प्रत्येकाचं त्यात आपलं आपलं अकाउंट. आपलं काम आपल्या अकाउंटमधी राहतं, पासवर्ड टाकल्याशिवाय ते उघडत नाय. सहा महिने राबून ह्यांनी एक प्रोग्राम का काय तो केला होता. तो कागदावर छापून शनिवारी चारच्या आत द्यायचा होता. चारनंतर मशीन साफ करणार, सगळ्यांचं जुनं काम पुसणार.

आणि त्याच आठवड्यात हे तापानं पडले. टायफाईड. कळंबच्या पलीकडं आमचं गाव, तिथं आणून ठेवलं. दीर कापणीत, सासू ह्यांच्या उशाशी. सासू मला बोलली, "तू सातवी शिकलीस ना गं? मंग तूच जा."

शुक्रवारी दिवसभर ह्यांनी मला शिकवलं. ताप उतरला की उठून बसायचे, चढला की आडवे. शब्द इंग्रजीत होता. मला एबीसीडी येत होती, पाचवीत पाठ केलेली. ह्यांनी पाटीवर सगळी अक्षरं वळीनं काढली आणि माजं बोट धरून दाखवलं, आदी हे, मंग हे, मंग हे. दहा वेळा करून घेतलं. 

"आणि ऐक," बोलले, "हातानं टाकायचा. तोंडानं नाय. सर इचारतील तरी नाय. मी तुला सांगितला हे कळलं तर झालंच सगळं."

"नाय सांगत ओ," मी बोलले. "मी काय येडी हाय का?"

शनिवारी सकाळची एसटी कळंबला अर्धा तास उशिरा आली. कर्जतला उतरले तर खोपोलीची गाडी नुकतीच गेलेली. पुढची दुपारी होती, ती लागेपर्यंत फलाटावर पोरीला पाजत बसले आणि मनात अक्षरं म्हणत बसले. कॉलेजात पोचले तेव्हा अडीच वाजून गेलेले.

लॅबच्या दारात टेबलावर एक मुलगी वही घेऊन बसली होती, कॉलेजातलीच. बाहेर एवढं ऊन आणि तिनं स्वेटर घातलेला. आत गेले तर कळलं का ते, मशीनसाठी खोली गार केलेली, दातावर दात वाजत होते. पोरगी लगेच कुरकुरायला लागली.

"कोणाचं काम आहे?" मुलीनं इचारलं.

"ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे कोणाचं?"

"आमच्या घरातल्यांचं. आजारी हायेत ते."

"अहो, नाव सांगा ना. वहीत लिहायचंय."

नाव कसं सांगणार. लग्नाला दोन वर्षं झाली होती, लग्नात घेतलं तेवढंच. मी पदराचं टोक चावत उभी राहिले. ती हसायला लागली. "वहिनी, इथे उखाणा चालणार नाही हं. मशीनला अख्खं नाव लागतं, आडनावासकट." शेजारचे दोघे-तिघे पण हसले. मंग तिनं पेन पुढं केलं आणि मी नाव लिवून दिलं. 

"आणि पासवर्ड?" ती हळूच बोलली. "तो तर त्यांनाच माहीत असणार."

"ह्यांनी मला शिकवून पाठवलंय," मी बोलले. "मी हातानं टाकते."

तिनं फळ्याकडं बघितलं, मंग माज्या पोरीकडं. "सर चहाला गेलेत," बोलली. "ते यायच्या आत करा. तीन वेळा चुकलं की मशीन अकाउंट आपोआप बंद करतं, म्हणून सावकाश." मला एका पडद्यापुढं बसवलं, नाव तिनंच टाकलं, आणि तोंड फिरवून उभी राहिली.

मी खाली बटणांकडं बघितलं. अक्षरं वळीत नव्हती. ए कुठंतरी कडेला, त्याच्या बाजूला एस, बी पार खाली. कोणीतरी डब्यातून सांडल्यासारखी. हे रोज त्याच बटणांवर बोटं फिरवणारे, त्यांच्या ध्यानातच आलं नसेल की मी पाटीवरची वळ शोधीन. मी एकेक अक्षर हुडकायला लागले. पोरीनं मधेच बटणांवर थाप मारली. चुकलं. पुन्हा सुरू केलं, पडद्यावर अक्षरं दिसत पण नव्हती, कुठपर्यंत आले तेच कळेना. चुकलं. आता एकच राहिलं. पोरगी किंचाळत होती, मागून कोणीतरी बोललं "लवकर ओ, आम्हालापण छापायचंय," घड्याळात सव्वातीन, आणि मी त्या मुलीला बोलले, "ताई, तूच टाक गं," आणि शब्द सांगितला. मोठ्यानं. पोरीच्या रडण्याच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं.

नवऱ्याचं नाव, जे सगळ्यांना म्हाईत, ते तोंडातून निघालं नाय. आणि जो शब्द कोणालाच सांगायचा नव्हता तो सगळ्या खोलीला दिला.

सरांनी ती बटणं आपल्याकडं ओढली. "हे अकाउंट आता मला बंद करावं लागेल. खोलीभर झालाय पासवर्ड." मंग माज्याकडं बघून बोलले, "तुम्हाला कोणी सांगितला हा? त्यांनी?"

हो बोलले असते तर सहा महिने गेले. भट्टी काय सुटत नव्हती मंग. मला तो चकाकणारा हात दिसला.

"नाय," मी बोलले. "ते कशाला सांगतील. तापात बडबडत होते. रात्रंदिवस तोच शब्द. मी ऐकून पाठ केला. त्यांना म्हाईत पण नाय मी इथं आले ते."

"खरं बोलताय?"

"लेकराची शपथ," मी बोलले, आणि माजा हात पोरीच्या डोक्यावर जाऊन बसला. मी ठेवला नाय, गेला. आमच्याकडं उठताबसता बोलतात तसं निघून गेलं. भाजीवाली पण बोलते, लेकराची शपथ ताजी हाय. पण भाजीवाली हात ठेवत नाय. हाताखाली टाळू लागली, अजून मऊ, धडधडत होती. नऊ महिन्यांची होती ती.

स्वेटरवाली मुलगी समोरच उभी. तिला मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की ह्यांनी शिकवून पाठवलंय. तिनं माज्या हाताकडं बघितलं. मला वाटलं आता बोलणार. तिनं वही उघडली आणि काहीतरी लिवत बसली.

सरांनी पोरीकडं बघितलं. "हात काढा बाई," बोलले. "एवढ्यासाठी कोण लेकराच्या डोक्यावर हात ठेवतं. तापातल्या माणसाचा काय दोष." त्यांनी स्वतः काहीतरी टाकलं, पासवर्ड बदलला, नवा चिठ्ठीवर लिवून पाकिटात घालून चिकटवलं. कोपऱ्यातलं छापायचं यंत्र करकरायला लागलं, कडेला भोकं असलेले कागद एकमेकांना जोडून बाहेर यायला लागले. चाराला दहा कमी होते.

घरी ह्यांनी पयलं तेच इचारलं. "कोणाला सांगितला नाय ना?"

"नाय."

"मंग हे पाकीट?"

"सगळ्यांचेच बदललेत."

त्या रात्री पोरीला ताप आला. गार खोलीतला असेल, नायतर टायफाईडवाल्या घरातला. मी मीठमिरची उतरवली, देवापुढं नाक घासलं, पण कशासाठी ते सासूला सांगितलं नाय. चार दिवसांनी उतरला. तेव्हापासून ती शिंकली तरी माजा हात तिच्या डोक्याकडं जातो आणि मधेच थांबतो.

हे पास झाले. निकाल आणायला गेले तेव्हा सर त्यांना बोलले, "घरी सांगा, पुन्हा लेकराची शपथ नको. आणि तापात बडबडणं आता थांबलं ना?"

ह्यांनी मला घरी येऊन एवढंच सांगितलं, सर असं बोलले. मी चुलीपुढं होते, वळून बघितलं नाय. पोरगी ओटीवर खेळत होती. ह्यांनी तिला उचललं, भाजलेल्या हाताचं मनगट तिच्या कपाळाला लावलं आणि तसंच ठेवलं, कितीतरी वेळ. मंग खाली सोडलं.

आज ते हापिसात बसतात. पोरगी चार वर्षांची होईल, धडधाकट हाय. ह्यांनी मला अजून एक अक्षर इचारलं नाय आणि मी सांगितलं नाय. तो शब्द पण मी इथं लिवला नाय, आता बदललाय तरी. पण हात ठेवला होता तो ठेवलाच होता, तो काय बदलता येत नाय. तुमी वाचणाऱ्या बायाबी आया असाल, तुमचंबी असंच एखादं लेकरू कडेवर असंल. घड्याळात सव्वातीन, सर समोर उभे, आणि इचारतात, कोणी सांगितला. तुमी काय बोलला असता?