पत्र्याखालची पानवेल

दौंडच्या रेल्वे यार्डाशेजारी राहणाऱ्या बायकांना काजळी पुसायची सवयच असते. सकाळी खिडकी पुसली की संध्याकाळी इंजिनं परत काळी करून ठेवतात. आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. सांगून संपवल्या म्हणावं, तर चार दिवसांत परत थर साचलेला! गेल्या उन्हाळ्यातल्या थोड्या सांगते.

आमचे हे फायरमन, इंजिनात कोळसा टाकणारे. ड्युटी लागली की दीड-दीड दिवस घरी नाहीत, आणि आले की झोपलेले. घरात मी आणि दीड वर्षाची शकू. वर पत्रा. शकूचं अंग जरा कोमट लागलं की झालं! दर घटकेला तिच्या कपाळाला हात लावायची, मग स्वतःच्या, मग परत तिच्या. त्यात चैत्रात निमोण्याहून सासूबाईंचा निरोप आला. त्यांना मी आत्या म्हणते. "पोरगी पत्र्याखाली भाजून निघंल. आखितीला येते आन् तिला घिऊन जाते. हितं मातीच्या माळवदाचं घर हाय, गार."

ह्यांच्या वेळी-अवेळीच्या डब्यापायी मला जाता येणार नव्हतं. म्हणजे शकू तिकडं आणि मी इथं, एकटी. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत घर गार करायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

* * *

शेजारच्या शरीफाखालांना सांगितलं. त्यांचं सासर-माहेर दोन्ही दौंडातच, त्यामुळे इथल्या उन्हाचा त्यांना चांगला सराव. त्यांनी तुपाच्या रिकाम्या डब्यात पानवेलीचं एक कांडं लावून आणलं.

"हे जिथं जगंल ना, तिथं तुझी पोरगी झोपव. हिला ऊन दाखवू नको, झळ लागू देऊ नको. पाणी रोज घाल, पण पाण्यात बसवू नको."

मी म्हटलं, "खाला, हे तर बाळंतिणीसारखं झालं!"

"बाळंतीण चाळीस दिवसांनी कामाला लागते गं. ही रांड जन्मभर अशीच!"

मोरीच्या भिंतीला माठ होता. त्याच्यामागं वेल ठेवली. बाहेर व्हरांड्यात रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत अळू लावलं. खिडकीला ओलं गोणपाट.

* * *

दुपारनंतर ऊन व्हरांड्यातून थेट आत यायचं. म्हणून माझं जुनं लाल लुगडं यार्डाच्या बाजूला आडवं बांधलं. घटकाभरानं शंटिंगचं इंजिन शिट्ट्या मारत आलं आणि आमच्या दारासमोर गपकन थांबलं. ड्रायव्हर आप्पा उडी मारून पळत आले. घामानं निथळत होते.

"काय झालं? रूळ उखडला का?"

"न्हाई वो आप्पा. अळूला ऊन लागतंय."

आप्पा माझ्याकडं बघतात, अळूकडं बघतात! मागं मालगाडीच्या डब्यांची रांग उभी.

"सूनबाई, नवरा रेल्वेत हाय ना तुझा? लाल फडकं बघून कुठला ड्रायव्हर म्होरं जाईल?"

दुसऱ्या दिवशी मी हिरवं लुगडं बांधलं. आप्पांनी इंजिनातून ओरडून सांगितलं, "आता सुटतो बरं का!" तेव्हापासून रोज दुपारी जाताना एक बारीक शिट्टी देतात. सगळी ओळ दारं लावून निजलेली असते. तेवढीच एक शिट्टी, कुणी नावानं हाक मारल्यासारखी.

* * *

मध्यंतरी नळाला पाणी नव्हतं. आमच्याकडं इंजिनातलं गरम पाणी बादलीनं घरी आणायची रीत आहे, आंघोळीला आयतं होतं. हे पहाटे बादली घेऊन आले, आंघोळ केली. बायको सारखी झाडं-झाडं करते, तर तिला मदत करावी, असं त्या झोपाळू डोळ्यांना वाटलं. उरलेलं कढत पाणी अळूच्या डब्यांत ओतलं आणि निजले.

उजाडल्यावर बघते तर सगळ्या पानांनी माना टाकलेल्या. मी रडायलाच बसले. खालांनी येऊन एक पान बोटांनी दाबून पाहिलं.

"रडतीस कशाला? निम्मं शिजलंय. चिंच-गूळ घालून फोडणी दे!"

हे उठून म्हणतात, "पाणी ते पाणीच ना?" माठामागच्या वेलीपर्यंत ह्यांची मदत पोचली नव्हती, म्हणून ती वाचली.

* * *

एकदा भर दुपारी मी मोरीपाशी बसून बोलत होते. "आज कसं गार वाटतंय ना तुला? आखिती आली जवळ. तू जाऊ नको हां. मी एकटी काय करू?"

दारातून खाला म्हणाल्या, "कुणाशी बोलतीस गं?"

मी दचकले. "शकूशी. दुसरं कोण हाय?"

खालांनी पदर बाजूला केला. त्यांच्या खांद्यावर शकू गाढ झोपलेली. मीच सकाळी त्यांच्याकडं दिली होती.

खालांनी माठामागच्या वेलीकडं पाहिलं. माठातून तांब्याभर पाणी घेतलं, प्यायल्या, आणि दिवे लागेपर्यंत माझ्याकडंच बसून राहिल्या.

* * *

आखितीच्या आदल्या दिवशी आत्या आल्या. गाठोड्यात शकूसाठी नवी झबली, लाकडी बाहुली. "पाळणा टांगून आलेय," म्हणाल्या.

दुपारची जेवणं झाली. मी त्यांची घोंगडी मोरीशेजारी अंथरली. वेल तोवर माठाच्या वर चढली होती. शकू नुसत्या लंगोटावर फरशीवर पसरलेली. आत्यांनी तिच्या पाठीखाली हात घालून बघितला. घाम नव्हता. मग स्वतःच तिच्याजवळ आडव्या झाल्या, आणि चहाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत!

उठल्यावर बराच वेळ वेलीकडं बघत बसल्या. "हितं गार हाय गं," एवढंच म्हणाल्या.

मी घाईघाईनं म्हटलं, "मग शकूला...?"

"ऱ्हाऊ दे." झबल्यांच्या घड्या परत परत मोडत, घालत होत्या. "तुझं मामंजी गेल्यापासून आमच्या घरात दुपारचं भांडंसुदीक वाजत न्हाई. माळवद गार हाय, त्याला काय करायचं?"

मी उठले, माठावरून वेल हळूच सोडवली, आणि डबा त्यांच्यापुढं ठेवला. कसं सांभाळायचं तेही सांगितलं. ऊन नको, झळ नको.

दुसऱ्या दिवशी सण उरकून शकूला कडेवर घेऊन त्यांना एस.टी.वर पोचवायला गेले. गाडी खच्चून भरलेली. आत्या खिडकीशी, मांडीवर डबा. कंडक्टर ओरडला, "आजी, त्यो डबा टपावर द्या!"

आत्यांनी डब्यावरून पदर ओढून घेतला.

"टपावर ऊन लागंल तिला. मांडीवरच बसंल ती. लागत आसंल तर अर्धं तिकीट फाडा!"